एका कबरीपलीकडे

खुलताबादला बहुतेक लोक एकच कबर बघायला जातात. मनात जे घेऊन जातात, तेच घेऊन परततात.

जुन्या कागदांत या गावाचं नाव रौजा. वेरूळच्या लेण्यांवरून घाट चढला की लागतं. चौदाव्या शतकात दिल्लीचे सूफी दौलताबादेत आले आणि त्यांतले कित्येक इथल्या मातीत विसावले. पुढे त्यांच्या पायाशी जागा मिळावी म्हणून सुलतान, सरदार, कवी येत राहिले. मुलूख जिंकणाऱ्यालाही शेवटी फकिराचा शेजार मागावा लागला.

औरंगजेब 1681 मध्ये दक्षिणेकडे निघाला, तो दिल्लीला परतलाच नाही. 1689 मध्ये त्याने संभाजीराजांना हालहाल करून मारलं. त्यानंतर अठरा वर्षं तो त्याच स्वराज्याशी झुंजत राहिला आणि 1707 मध्ये अहमदनगरला मेला. त्याच्याच इच्छेप्रमाणे झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्यात, उघड्या आभाळाखाली त्याला पुरलं. लोक बघायला जातात ती कबर हीच. साधी आहे. साधेपणाने रक्ताचा हिशेब मिटत नाही. कबर उकरूनही मिटत नाही. तो हिशेब मराठ्यांनी जित्या बादशहाशी रणात पुरा केला. मेलेल्याकडून वसूल करण्यासारखं काही उरलेलं नाही.

त्याच गावात त्याचा कैदीही आहे. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन कुतुबशहा, लोकांच्या तोंडी तानाशाह. 1677 मध्ये दक्षिणेच्या स्वारीवर निघालेल्या शिवरायांचं हैदराबादेत स्वागत करणारा तोच. दहा वर्षांनी गोवळकोंडा पडला. उरलेलं आयुष्य त्याने दौलताबादच्या किल्ल्यात बंदिवासात काढलं.

अमीर हसन सिज्झी इथेच आहे. अमीर खुस्रोचा मित्र, स्वतः मोठा फारसी कवी. तरी त्याचं सर्वांत मोठं काम स्वतःच्या शब्दांचं नव्हे: निजामुद्दीन औलियांच्या बैठकीतलं बोलणं त्याने वर्षानुवर्षं टिपून ठेवलं. त्याच्या काही दशकं आधी आपल्याकडे म्हाइंभट चक्रधरांच्या लीळा जमवत हिंडले होते. ऐकणाऱ्याने लिहिलं नसतं, तर बोलणाऱ्याचं फार थोडं आपल्यापर्यंत आलं असतं.

आणि मलिक अंबर. माझं मन त्याच्यापाशी थांबतं. हबशाण मुलखात जन्मलेलं पोर गुलाम म्हणून विकलं गेलं, हातोहात विकलं जात दख्खनला पोचलं, आणि निजामशाहीचा कारभार त्याच्या हाती आला. मोगलांच्या प्रचंड फौजांना त्याने मराठा स्वारांच्या बळावर गनिमी काव्याने जेरीस आणलं. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी तिथे पडले. अंबरची जमीनमहसुलाची पद्धत पुढच्या राज्यकर्त्यांनीही विचारात घेतली. खडकी हे शहर त्याने वसवलं, जमिनीखालून नहर आणून त्याला पाणी दिलं. शहराचं नाव पुढे औरंगजेबाने बदललं, आपल्या काळात ते पुन्हा बदललं. ज्याने पाणी पाजलं त्याचं नाव शहराला कधीच मिळालं नाही. 1626 मध्ये अंबर गेला. कबरीचा घुमट त्याने हयातीतच बांधून ठेवला होता. जवळच त्याची बायको, बीबी करीमा. खाली वेरूळला शहाजीराजांचे वडील मालोजीराजे यांची समाधी. मोगलांना अडवणारा अंबर आणि पुढे मोगलांना अडवणाऱ्या घराण्याचे मालोजीराजे, दोघे इतके जवळ आहेत.

एका कबरीवरून भांडताना आपण इतकं सगळं न बघता राहिलो, याचं मला वाईट वाटतं. शत्रूची आठवण ठेवावीच. पण ज्यांनी त्या शत्रूच्याही आधी मोगलांना अडवलं, ज्यांनी त्याच्या हातून सोसलं, त्यांना विसरून ठेवलेली आठवण अर्धीच.

खुलताबादला जाल तेव्हा पहिल्यांदा मलिक अंबरकडे जा. मग अमीर हसनकडे, तानाशाहकडे. बादशहाची कबर त्यानंतर बघितली तरी चालेल. बादशहाची कबर त्यानंतर बघितली तरी चालेल.