साठवलेला होकार

पहिला जोराचा पाऊस झाला की बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंखवाल्या किड्यांची झुंबड उडते. लोक दिवे बंद करतात आणि सकाळी पंखांचा केर काढतात. त्यातली बरीचशी वाळवी असते, काही मुंग्या. दोघींची वरात सारखीच दिसते, पण पुढचा संसार वेगळा. वाळवीचा राजा राणीसोबत वारुळात राहतो. मुंगीचा नर मीलनानंतर लवकरच मरतो. राणी पंख गाळते, जमिनीत शिरते आणि बहुतेक जातींमध्ये पुन्हा कधीच नराला भेटत नाही. तरीही वर्षानुवर्षं ती त्या एका दिवसाच्या भेटीतली लेकरं जन्माला घालत राहते.

हे जमतं, कारण तिच्या पोटात शुक्राणू साठवायची एक इवलीशी पिशवी असते. तिला शुक्राणुकोश म्हणू. तिथल्या ग्रंथींचा स्राव शुक्राणूंना जिवंत ठेवतो. लासियस नायगर नावाच्या काळ्या मुंगीची एक राणी प्रयोगशाळेत 28 वर्षं जगली होती. म्हणजे लेक जन्मते तेव्हा बापाला जाऊन दोन दशकं झालेली असू शकतात.

मधमाशीचं प्रकरण आणखी भारी. राणी तरुणपणी उडून अनेक नरांशी मीलन करते आणि पन्नासेक लाख शुक्राणू जपून ठेवते. मग अंडं घालताना थोडे शुक्राणू सोडले तर मादी जन्मते, नाही सोडले तर नर. पोळ्यातली मोठी घरं नरांची, लहान घरं कामकरी माश्यांची, आणि राणी घर चाचपून बघूनच अंडं घालते. साठा संपला की तिच्याकडून फक्त नर जन्मतात, आणि कामकरी माश्या नवी राणी वाढवायला घेतात. तिची सत्ता त्या पिशवीएवढीच.

शास्त्रज्ञांनी या पिशवीकडे कसं पाहिलं, हेही बघण्यासारखं आहे. 1970 मध्ये जेफ पार्कर यांनी मांडलं, की मादीच्या शरीरात वेगवेगळ्या नरांच्या शुक्राणूंची स्पर्धा चालते. म्हणजे मादी हे मैदान, खेळाडू नर. 1996 मध्ये विल्यम एबरहार्ड यांनी अख्खं पुस्तक लिहून म्हटलं, की मैदानही खेळतं. पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारी फळमाशी घ्या. तिची मादी साठवलेल्या शुक्राणूंपैकी काही चक्क बाहेर टाकून देते. बी पुरुषाचं आणि शेत बाईचं, हे आपण इतकी शतकं म्हणत आलो, की शेताला काही मत असेल हे सुचायलाच वेळ लागला.

पण ‘निसर्गात असं असतं, म्हणून माणसांनीही तसंच वागावं’ हा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही. मधमाशीचा नर मीलन करतानाच मरतो, त्याचं काय करायचं? कीटकांकडून मी उत्तर घेत नाही, फक्त प्रश्न घेतो. मीलन आणि जन्म यांच्यामध्ये काळ घुसला, तर मधल्या काळात निर्णय कोणाचा? मुंगीत तो जिच्या पोटात साठा तिचा. माणसाने हा कोश शरीराबाहेर काढला आणि उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवला. तिथे टाकीला मत नसतं. मत असतं ते कागदाला.

माझ्या एका मित्राला सत्ताविसाव्या वर्षी कॅन्सर झाला. केमोथेरपीआधी डॉक्टरांनी वीर्य गोठवून ठेवायला सांगितलं. फॉर्मवर प्रश्न होता : मृत्यू झाल्यास नमुन्याचं काय करावं? त्याने मला फोटो पाठवून विचारलं, “तू दिवसभर फॉर्मच बनवतोस ना? सांग, कुठे टिक करू?”

मी खरंच फॉर्म बनवतो. त्यामुळे मला माहीत आहे, की टिक म्हणजे माणूस नव्हे. ती एका क्षणाची नोंद. त्या क्षणी सलाईनची भीती असते, बाहेर आई बसलेली असते, मागे रांग असते.

हे नुसतं तात्त्विक नाही. जून 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर असंच प्रकरण आलं. केमोथेरपीच्या वेळी वीर्य गोठवलेला एक अविवाहित तरुण वारला होता. मृत्यूनंतर नमुना नष्ट करावा, असं त्याने फॉर्मवर लिहिलं होतं, घरच्यांना न विचारता. वंश पुढे चालावा म्हणून आईला तो हवा होता. न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की निकाल लागेपर्यंत नमुना जपून ठेवा. त्याआधी ऑक्टोबर 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दुसऱ्या एका मृत तरुणाचं गोठवलेलं वीर्य त्याच्या आईवडिलांना द्यायला सांगितलं होतं. तिथे मुलाने ‘नष्ट करा’ असं काही लिहून ठेवलेलं नव्हतं.

त्या आईला स्वार्थी म्हणायची माझी हिंमत नाही. तिच्याकडे मुलाचं तेवढंच उरलंय. तरी मी मुलाच्या बाजूने आहे. 2021 च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यात मला सर्वांत शहाणी वाटलेली तरतूद अशी : भ्रूण किंवा बीज गर्भाशयात सोडेपर्यंत संमती मागे घेता येते. होकाराला अर्थ येतो तो मागे घेता येण्यामुळे. मेलेल्या माणसाला तो मागे घेता येत नाही, म्हणून त्याच्या नावावर नवा होकार तयार करू नये.

कोणी म्हणेल, नकारही तर मागे घेता येत नाही. जगला असता तर त्याचं मन बदललं असतं. खरंय. पण चुकून पाळलेल्या नकाराने एक दुःख तसंच राहतं. चुकून गृहीत धरलेल्या होकारातून एक माणूस जन्मतो, आणि कोणाची तरी जागा भरायचं काम त्याच्या गळ्यात पहिल्या दिवसापासून असतं. मला दुसरी चूक मोठी वाटते. मुलाला वाढवणारी आजी मला वेडगळ ठरवेल, आणि कदाचित ते मूल छान हसतही असेल.

मित्राने ‘नष्ट करावा’वर टिक केली. घरी सांगितलं नाही. आता तो बरा आहे, मार्केट यार्डाजवळच्या टपरीवर चहा पिताना त्याच्या आईचे लग्नाबद्दलचे फोन येत असतात. कायद्याने नमुना दहा वर्षं ठेवता येतो. दरवर्षी नूतनीकरणाची लिंक येते. ती मी उघडून पाहिली : नाव, रक्कम, यूपीआय. तो प्रश्न पुन्हा कुठेच विचारलेला नाही.