दंश, दुआ आणि दवा

भातलावणीचे दिवस आले की कशेळे परिसरात साप-विंचवाचे भय वाढते. दंश होताच अनेक घरांतून पहिला शब्द निघतो तो विष उतरविणाऱ्याला बोलाविण्याचा.

मंत्राने विष उतरते, हा समज. वस्तुस्थिती अशी की, आपल्याकडील बहुतेक साप बिनविषारी असतात. रुग्ण आपोआप बरा होतो आणि श्रेय मांत्रिकाला मिळते. परंतु नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या विषावर रुग्णालयातील प्रतिविषाचे इंजेक्शन हाच उतारा आहे. मण्यारीचा दंश तर पुष्कळदा दुखतही नाही. दुखत नाही म्हणून थांबणे प्राणावर बेतते. विंचूदंशाने याच रायगड जिल्ह्यात पूर्वी कित्येक बालके दगावत, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाने ते मृत्यू कमालीचे घटविले.

मग अल्लाहवरील भरवशाचे काय? उंट बांधू की भरवसा ठेवू, असे विचारणाऱ्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधून मग भरवसा ठेवण्यास सांगितले. आजारावर उपचार करण्याचीही त्यांची शिकवण आहे. दंश झालेल्यावर सूरह फातिहा पढून दम केल्याचा दाखला हदीसमध्ये आहे, हे खरे. पण त्यावरून औषध नाकारणे सिद्ध होत नाही. फातिहा रुग्णालयाच्या वाटेवरही पढता येते. ओट्यावर बसून वेळ घालविणे म्हणजे तवक्कुल नव्हे.

अल्लाह आपल्या लेकरांचे रक्षण करो आणि आपणास योग्य समज देवो. आमीन.