सोप्या वाटांची भांडणे

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफ भागात, सेंट अँड्र्यूज नावाचे सतरा-अठरा हजार वस्तीचे गाव आहे. जग त्याला गोल्फचे माहेरघर म्हणून ओळखते. पण ज्याने जन्मात गोल्फची काठी हातात धरली नाही, असा माणूसही तिथे दिवसभर रमतो, कारण गाव पायी फिरण्याजोगे आहे. चढउतार किरकोळ, अंतरे थोडी. बाराव्या शतकात आखलेले साउथ स्ट्रीट, मार्केट स्ट्रीट आणि नॉर्थ स्ट्रीट हे तीन रस्ते आजही गावाचा कणा आहेत. पूर्वेकडे जाताना ते एकमेकांच्या जवळ सरकत जातात. नकाशा हरवला तरी बिघडत नाही. नाकासमोर चालत राहिले की माणूस कॅथीड्रलच्या पडक्या भिंतींशी येऊन थांबतो.

पर्यटनाच्या माहितीपत्रकांत अशा फेऱ्यांना ‘सोप्या’ म्हणतात. त्यात विचार असतो तो गुडघ्यांचा, चढाचा आणि वाटेतल्या बाकांचा. इतिहासाच्या अंगाने पाहिले तर मात्र इथली फारच थोडी वाट सोपी होती. कुठे वेढा पडला, कुठे माणूस जाळला गेला, कुठे सशांवरून कोर्टकचेऱ्या झाल्या. आज बाबागाडी ढकलत जाता येते, ते आधीच्या लोकांनी भांडून, विकत घेऊन किंवा हट्टाने वापरात ठेवून ती जागा मोकळी राखली म्हणून.

सुरुवात कॅथीड्रलपासून करावी. 1158 च्या सुमारास काम सुरू झाले आणि 1318 मध्ये रॉबर्ट ब्रूस राजाच्या उपस्थितीत वास्तूचे पवित्रीकरण झाले. सुमारे 119 मीटर लांबीची एवढी मोठी धर्मवास्तू स्कॉटलंडमध्ये पुन्हा बांधली गेली नाही. 1559 मध्ये प्रॉटेस्टंट धर्मसुधारक जॉन नॉक्सच्या प्रवचनांनी पेटलेल्या जमावाने आतल्या मूर्ती आणि वेद्या उद्ध्वस्त केल्या. त्यानंतर छप्पर गेले आणि भिंतींचा दगड गावाने घरबांधणीला वापरला. गावातल्या जुन्या भिंतींत मधेच एखादा नको तितका सुबक घडवलेला दगड दिसला, तर तो कुठून आला असेल याचा अंदाज बांधता येतो. बंदराच्या धक्क्यालाही असाच दगड लागला. सतराव्या शतकाच्या मध्यावर वादळात धक्का मोडला, तेव्हा दुरुस्तीला पडक्या किल्ल्याचे दगड वापरले. विद्यापीठाचे विद्यार्थी रविवारच्या प्रार्थनेनंतर लाल झगे घालून त्याच धक्क्यावर रांगेने चालत जातात.

किल्ला तिथून हाकेच्या अंतरावर आहे. 1546 च्या मार्चमध्ये कार्डिनल डेव्हिड बीटन याने जॉर्ज विशार्ट या प्रॉटेस्टंट प्रचारकाला किल्ल्यासमोर जाळवले. मे महिन्यात विशार्टच्या बाजूचे लोक डागडुजीला आलेल्या गवंड्यांच्या घोळक्यातून आत शिरले, त्यांनी बीटनला ठार केले आणि त्याचे प्रेत भिंतीवरून लोंबकळत ठेवले. मग वेढा पडला. वेढा घालणाऱ्यांनी तटाखालून सुरुंग खणायला घेतला. आतल्यांनी आवाजाचा कानोसा घेत समोरून आपले भुयार खणले. आधी दोनदा दिशा चुकली, तिसऱ्या खेपेला गाठ पडली.

ही दोन्ही भुयारे आज पाहता येतात. बाहेरच्यांचा सुरुंग उंच आणि प्रशस्त आहे, पायऱ्या पाडलेला. त्यांना घाई नव्हती. आतल्यांचे भुयार बुटके आणि वाकडेतिकडे आहे. त्यातून जाताना कंबरेत वाकावे लागते, डोके जपावे लागते आणि ओलसर खडकाला हात टेकावा लागतो. छिन्नी चालवणारा माणूस किती घाबरलेला होता, हे त्या वळणांवरूनच कळते. दोन बाजूंमधला फरक पुस्तकातल्या पानभर वर्णनापेक्षा इथे पाठीच्या कण्याला लवकर समजतो.

नॉर्थ स्ट्रीटवर, सेंट साल्व्हेटर्स चॅपलच्या दारासमोर, फरसबंदीत दोन अक्षरे बसवली आहेत: पी आणि एच. धर्मसुधारणेची शिकवण देणाऱ्या पॅट्रिक हॅमिल्टन या तरुणाला 29 फेब्रुवारी 1528 रोजी इथे जाळले. आग नीट पेटेना, म्हणून त्याचे मरण सहा तास लांबले असे सांगतात. त्या अक्षरांवर पाय पडला तर परीक्षेत नापास व्हायला होते, अशी विद्यार्थ्यांची समजूत. तीवर उतारा एकच, एक मेच्या पहाटे समुद्राच्या गारठलेल्या पाण्यात बुडी मारायची. परिणामी रोज शेकडो पाय तेवढी जागा चुकवून जातात. हॅमिल्टनची शिकवण त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे, पण त्याच्या मरणाची जागा पुसली गेलेली नाही. स्मारकसमितीला जे जमले नसते ते एका अंधश्रद्धेने केले.

साउथ स्ट्रीटवर भारतीय वाचकाचे पाऊल आपोआप अडखळते. सोळाव्या शतकातल्या मठाच्या एका पडक्या अंगाला लागून शाळेची देखणी दगडी इमारत उभी आहे आणि शाळेचे नाव मद्रास कॉलेज. अँड्र्यू बेल हा याच गावात 1753 मध्ये जन्मलेला पाद्री मद्रासमध्ये एग्मोरच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख होता. तिथल्या एका देशी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवताना त्याने पाहिली. महाराष्ट्रातल्या पंतोजींच्या शाळांतली धुळाक्षरांची रीत ती हीच. बेलने ती उचलली, तिला थोरल्या मुलांनी धाकट्यांना शिकवायच्या पद्धतीची जोड दिली आणि इंग्लंडला परतल्यावर ‘मद्रास पद्धत’ या नावाने तिचा जोरदार प्रचार केला. पुढे त्याच्याच देणगीतून 1833 मध्ये ही शाळा निघाली. 2021 मध्ये ती गावाच्या कडेला नव्या इमारतीत गेली. नाव मात्र तेच राहिले.

हिंदुस्थानातून परतलेला दुसरा माणूस ह्यू लायन प्लेफेअर. बंगालच्या तोफखान्यातला हा निवृत्त अधिकारी 1842 मध्ये नगरप्रमुख झाला. त्या वेळी रस्त्यांवर उकिरडे होते आणि गुरे मोकाट फिरत. प्लेफेअरने उकिरडे हटवले, रस्ते फरसबंद केले आणि पैशासाठी श्रीमंतांच्या मागे तगादा लावला. आज पर्यटकाला जे ‘मध्ययुगीन’ म्हणून आवडते, त्याची नीटनेटकी बाजू बरीचशी या लष्करी शिस्तीची आहे.

पण सगळ्यात बोलके भांडण आहे ते समुद्रालगतच्या मैदानाचे. 1552 मध्ये आर्चबिशप हॅमिल्टनने एक सनद दिली. त्याला या वाळवट कुरणात ससे पाळायचे होते. त्या बदल्यात तिथे गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी खेळण्याचा आणि गुरे चारण्याचा गावकऱ्यांचा हक्क लेखी मान्य झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस नगरपरिषद कर्जात बुडाली, मैदान खासगी हातात गेले आणि तिथे धंद्यासाठी ससे वाढवले जाऊ लागले. सशांनी बिळे केली, गोल्फवाले खवळले आणि प्रकरण कोर्टात गेले. 1821 मध्ये जेम्स चीप या गोल्फप्रेमी जमीनदाराने मैदान विकत घेऊन ससेवाल्यांना हटवले. 1894 मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने ते पुन्हा गावाचे झाले.

आज जगातल्या सर्वांत मानाच्या या गोल्फ मैदानावर रविवारी, मोठ्या स्पर्धांचे अपवाद वगळता, खेळ बंद असतो. त्या दिवशी आजीबाई कुत्र्याला घेऊन हिरवळीवरून चालतात, पोरे स्विल्कन पुलाच्या दगडी कमानीवर उभी राहून फोटो काढतात. इतर दिवशीही पहिल्या आणि अठराव्या होलच्या पट्ट्यांना आडवा छेद देणारा ग्रॅनी क्लार्क्स वाइंड हा सार्वजनिक रस्ता चालू असतो. खेळणारा कितीही नावाजलेला असो, समुद्रावर निघालेले कुटुंब त्या रस्त्याने पलीकडे जाईपर्यंत तो थांबतो.

स्कॉटलंडच्या कायद्यात पायांना फार मोल आहे. दोन सार्वजनिक ठिकाणांना जोडणारी वाट लोकांनी हक्काने, खंड न पाडता वीस वर्षे वापरली की ती सार्वजनिक हक्काची ठरते. 1847 मध्ये एडिंबरोचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन हटन बाल्फर विद्यार्थ्यांना घेऊन ग्लेन टिल्टच्या दरीतून निघाले, तेव्हा अथॉलच्या ड्यूकने त्यांची वाट अडवली. प्रकरण कोर्टात गाजले आणि वाट खुली ठरली. 2003 च्या कायद्याने तर जबाबदारीने वागणाऱ्या कुणालाही बहुतेक जमिनीवरून आणि पाण्यावरून जाण्याचा हक्क दिला. वारशाची चर्चा नेहमी दगडांभोवती फिरते. डागडुजी, निधी, संरक्षित यादी. सेंट अँड्र्यूज दाखवते की दगड राखायला पुरातत्त्व खाते लागते, आणि वाट राखायला रोज चालणारी माणसे.

याचा अर्थ इथे सगळे आलबेल आहे असे नाही. विद्यापीठ आणि गोल्फ यांच्या मागणीने घरांच्या किमती अशा चढल्या आहेत की गावात नोकरी करणाऱ्या अनेकांना राहायला बाहेर जावे लागते. नॉर्थ स्ट्रीटच्या पूर्व टोकाला एके काळी कोळ्यांची वस्ती होती. आज त्या बैठ्या घरांचे देखणेपण शिल्लक आहे, जाळी नाहीत. शिवाय गोल दगडांची फरसबंदी चाकाच्या खुर्चीला जाचक ठरते. वाटेवरचा हक्क शाबूत राहूनही तिथे राहणारे बदलले, तर त्या हक्काचा उपभोग कोण घेते, हा प्रश्न उरतोच. निव्वळ पाहुण्यांच्या पावलांवर गाव टिकत नाही.

स्कॉटलंडची सहल म्हणजे एडिंबरोचा किल्ला, लॉख नेस आणि बसची खिडकी, असा मराठी प्रवाशांचा शिरस्ता पडून गेला आहे. त्यातून एक दिवस काढून या गावी जावे. गावातले रेल्वे स्टेशन 1969 मध्ये बंद झाले. आठेक किलोमीटरवरच्या ल्यूकर्सला उतरून बस घ्यावी लागते. सकाळी कॅथीड्रल आणि किल्ला पाहावा, दुपारी लेड ब्रेज या जुन्या पाणचक्क्यांच्या पाटालगतच्या सावलीच्या वाटेने चालावे आणि उतरत्या उन्हात मैदानावर यावे. वार शक्यतो रविवार धरावा. किल्ला पाहायला तिकीट लागते, मैदानावरून चालायला लागत नाही.