आधी जागा, मग घरकुल

पुणे शहरात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या गरीब कुटुंबाला प्रधानमंत्री आवास योजनेतून अडीच लाख रुपये मिळतात. दीड लाख केंद्राचे, एक लाख राज्याचे. तेच कुटुंब दौंड तालुक्यात यवत आणि केडगावच्या मधल्या खुटबावसारख्या गावात राहत असेल, तर ग्रामीण योजनेचे १ लाख २० हजार. सिमेंटची गोणी काही गावात निम्म्या भावाने मिळत नाही; उलट वाहतुकीचे चार पैसे जास्तच पडतात. २०१६ साली ठरलेला हा आकडा वाढलेला नाही, आणि त्यानंतर सळईचा दर, गवंड्याची मजुरी, वाळूची ब्रास कुठल्या कुठे गेली. रोजगार हमीची नव्वद दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार त्याशिवाय मिळतात, हे खरे. राज्याने २०२५ मध्ये ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार सौरऊर्जेसाठी. भर स्वागतार्हच आहे. तरीही पैसे वाढवून सुटणारा हा प्रश्न नव्हे.

या योजनेतले सगळ्यात अवघड पाऊल पहिलेच आहे. घरकुल मंजूर होते ते माणसाला, पण उभे राहते जागेवर. आणि गावातल्या सर्वांत गरीब माणसाकडे नेमकी तीच नसते. दौंडच्या कालव्याखालच्या पट्ट्यात अशी घरे शोधावी लागत नाहीत. मालकाच्या बांधावर तीन बाजूंनी गंजलेले पत्रे, चौथ्या बाजूला उसाच्या पाचटाचा कूड, वर ताडपत्री आणि ती उडू नये म्हणून ठेवलेले दगड. घरातला कर्ता माणूस कधी गुऱ्हाळावर चुलवणाला जाळ घालतो, कधी उसाच्या लागणीला जातो. याच गावात मतदान करतो, याच गावच्या शाळेत त्याची पोरे शिकली. घरकुलाच्या ‘ड’ यादीत त्याचे नावही आलेले असते. मग विचारणा होते जागेच्या नमुना ८-अ च्या उताऱ्याची. तो त्याच्याकडे नाही, कारण तो राहतो ती जागा त्याची नाही. मंजुरी यादीतच अडकून राहते आणि खाली ज्याच्याकडे दीड गुंठा वडिलोपार्जित आहे त्याचे घर आधी उभे राहते. मदत गरजेच्या क्रमाने न पोचता मालकीच्या क्रमाने पोचते, याचे मला सर्वाधिक वाईट वाटते.

सरकारला हे ठाऊक नाही असे नाही. भूमिहीन लाभार्थ्याला ५०० चौरस फूट जागा घेता यावी म्हणून पंडित दीनदयाल उपाध्याय यांच्या नावाची योजना आहे. आधी ती ५० हजार देत होती, आता कमाल १ लाख देते. पण महामार्ग आणि रेल्वे दोन्ही जवळ असलेल्या या पट्ट्यात एवढ्या पैशात रस्त्यालगतचा तुकडा कोण देईल? आणि दिलाच, तर तुकडेबंदी कायदा आडवा यायचा. अर्ध्या गुंठ्याची खरेदी दस्तात बसत नसे. २०२४ च्या मार्चमध्ये नियम बदलला आणि घरकुलाच्या लाभार्थ्यासाठी १००० चौरस फुटांपर्यंत जागा जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने घेता येऊ लागली. गरिबाच्या घरासाठी योजना आखायची आणि त्याच घराची जमीन बेकायदा ठरवणारा नियम इतकी वर्षे तसाच ठेवायचा, हा दोन कचेऱ्यांनी एकमेकींशी न बोलण्याचा परिणाम आहे.

जागा असलेल्याचीही वाट सरळ नाही. पहिला हप्ता १५ हजारांचा. पुढचा हवा तर जोते भरून दाखवायचे, फोटो चढवायचा. मधला खर्च दुकानदाराच्या उधारीवर किंवा बचत गटाच्या कर्जावर. जोत्यापर्यंत येऊन थांबलेली घरे गावोगाव दिसतात. खांबांच्या सळया गंजू नयेत म्हणून त्यांना गोणपाट गुंडाळलेले असते.

वस्तीसुधाराची कहाणीही जागेच्या या प्रश्नाशी जोडलेली आहे. अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठीचा निधी, ज्याला गावात अजून ‘दलित वस्ती’चा निधी म्हणतात, बहुतेक काँक्रीटचा रस्ता, गटार, समाजमंदिर यांत जातो. रस्ता हवाच, चिखलातून शाळेला जाणाऱ्या पोराला तो हवा आहे. २०२० च्या डिसेंबरात वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय झाला, तोही योग्यच. पण नव्या नावाच्या, नव्या रस्त्याच्या वस्तीतली घरे कोणाच्या नावावर आहेत, हे कोणी विचारत नाही. शेजारच्या पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोनने गावठाणाची मोजणी झाली आणि पुढे तीच पद्धत देशभर स्वामित्व योजना म्हणून गेली. मिळकत पत्रिका मात्र गावठाणाच्या रेषेच्या आत असलेल्यालाच मिळते. रेषेबाहेरच्याच्या छपराचा ड्रोनने फोटो घेतला तरी मालकी त्याची होत नाही.

ही रेषा हलवता येते. जमीन महसूल संहितेच्या १२२ व्या कलमाने गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. वाढीसाठी गायरान घ्यायचे तर त्यावरील अतिक्रमणांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंह खटल्याचा निकाल कडक आहे, आणि त्याच्याच आधारे २०२२ मध्ये राज्यभर गायरानातल्या घरांना नोटिसा गेल्या. पण त्याच निकालाने भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेल्या जागांचा अपवाद ठेवला आहे. नोटिसा काढताना तो वाचला गेला नाही, आणि जागा वाटताना कोणी त्याचा आधार घेत नाही. माझे म्हणणे असे की, ग्रामसभेने घरकुलाच्या यादीआधी बेघर आणि बेजमीन कुटुंबांची यादी करावी, तिच्या आधारे गावठाणवाढीचा प्रस्ताव पाठवावा आणि तो मंजूर होईपर्यंत त्यांचे घरकुल रद्द न होता राखून ठेवले जावे. जमीन नाही, हे उत्तर इथे टिकत नाही. शंभर कुटुंबांना प्रत्येकी एक गुंठा दिला, तरी लागतात अडीच एकर.