नाही म्हणण्याची योग्यता

भारतीय तर्कग्रंथांत अभावाचा प्रश्न बहुधा एका मडक्याच्या आधाराने मांडलेला आढळतो. जमिनीवर घट नाही, हे माणसाला कळते कसे? जे आहे ते इंद्रियांना भिडते; जे नाही ते कशाला भिडणार? कुमारिलभट्टाच्या परंपरेतील मीमांसकांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांना ते वेगळे मानण्याची गरज वाटली नाही. अभावही प्रत्यक्षानेच कळतो, असे त्यांचे म्हणणे. परंतु एका बाबतीत उभय पक्षांत मतभेद नव्हता. नुसते न दिसणे पुरेसे नाही. घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती आधी असावी लागते : उजेड हवा, डोळे निर्दोष हवेत, मध्ये आडोसा नको. अंधाऱ्या खोलीत चाचपडून आलेला माणूस ‘घट नाही’ असे सांगू लागला, तर त्याने घटाविषयी काहीच सांगितलेले नसते. या अटीला योग्यता म्हणतात, आणि ती पाळून आलेल्या न दिसण्याला योग्यानुपलब्धी.

घटाचे हे उदाहरण शतकानुशतके हाताळून गुळगुळीत झाले आहे. त्याच्या जागी एक जुनी मोटार ठेवून पाहावी. काळ गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकाचा. भिलाई अजून मध्य प्रदेशात आहे, छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी व्हावयाचे आहे. सेक्टर २ मधील एका क्वार्टरसमोर पांढरी अँबॅसॅडर उभी असते. तिचा मालक पोलाद कारखान्याच्या रूळ विभागात तपासणीच्या कामावर आहे. कारखान्याचा करार सोव्हिएत संघाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला आणि पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. या दोन तारखांच्या दरम्यान केव्हातरी त्याचे वडील नागपूरकडून येथे आले. १९५६ पर्यंत या मुलखाची राजधानी नागपूरच असल्यामुळे आपण परमुलखात आलो असे त्यांना फारसे वाटले नसावे. आता घरात आई आहे, सत्तरी ओलांडलेली. गाडीत तिची जागा ठरलेली : मागे, डावीकडे. एके दिवशी ती म्हणते, “मागं काहीतरी खडखडतंय रे.”

मुलाला ते ऐकू येत नाही. दुसऱ्या दिवशी तो कामावर जाताना मुद्दाम कान देतो. इंजिनाची घरघर तेवढी आहे. आई पुन्हा म्हणते तेव्हा तो गाडी सुपेल्याच्या बाजारातील मिस्त्रीकडे नेतो. मिस्त्री मागची बाजू जॅकवर उचलतो, चाके दोन्ही हातांनी धरून हलवतो, शॉकअपला पाना लावतो आणि सांगतो, “कुछ नहीं है, साहब.” घरी आल्यावर मुलगा आईला सांगतो, “अगं, काही नाही. मिस्त्रीनंसुद्धा पाहिलं. तुला भास होतो.”

वरकरणी येथे काहीच घडलेले नाही. पाच-सात रुपयांच्या रबराचा हा मामला. तथापि ‘आवाज नाही’ या विधानाचे ‘तुला भास होतो’ या विधानात रूपांतर झाले आहे, आणि हे दुसरे विधान गाडीविषयी नसून एका माणसाविषयी आहे. दोष पाट्यांतून निघून आईच्या कानांत जाऊन बसला. एवढा मोठा निष्कर्ष ज्या पुराव्यावर उभा केला, तो पुरावा तपासण्याजोगा आहे.

अँबॅसॅडरच्या मागच्या बाजूला स्प्रिंगा म्हणजे पोलादी पाट्यांचे जुडगे. जुडग्याचे मागचे टोक शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याने गाडीच्या अंगाला टांगलेले असते, कारण भार पडला की पाटे सरळ होऊन लांबतात आणि त्या लांबण्याला वाव हवा. दुव्यातील पिनेभोवती रबरी बुश असतो. तो झिजला की लोखंड लोखंडावर आपटते. मात्र ते नेहमीच आपटेल असे नाही. मागे कोणी बसलेले नसताना पिन एका जागी टेकलेली राहते. डावीकडे माणूस बसला आणि लहानशा उंचवट्यावरून डावे चाक गेले, तर ती झिजलेल्या पोकळीत खेळू लागते. गाडी जॅकवर उचलली की आस खाली लोंबतो, पाट्यांवरचा भार नाहीसा होतो, आणि भारासह तो आवाजही. म्हणजे मुलगा एकटा गाडी चालवीत होता तेव्हा आवाज होण्याचीच परिस्थिती नव्हती, आणि मिस्त्रीने तर ती जॅक लावून स्वतःच्या हाताने घालवली. दोघेही अंधाऱ्या खोलीत घट शोधत होते.

खरी टोचणारी गोष्ट पुढेच आहे. हा गृहस्थ अडाणी नाही. उलट योग्यता म्हणजे काय हे त्याच्याइतके रोजच्या रोज अनुभवणारी माणसे थोडी. रुळाच्या पोटातील भेग बाहेरून दिसत नाही, म्हणून रुळात श्राव्यातीत ध्वनिलहरी सोडतात आणि आतून प्रतिध्वनी येतो का ते पाहतात. दोष असेल तर लहर मध्येच परतते. पण प्रतिध्वनी आला नाही म्हणून रूळ निर्दोष, असे कोणी लगेच म्हणत नाही. यंत्र आधी अशा तुकड्यावर लावून पाहावे लागते, ज्यात मुद्दाम ठरावीक मापाचे भोक पाडलेले आहे. ते भोक यंत्राने दाखवले, तरच पुढच्या रुळावरील त्याच्या मौनाला किंमत. शिवाय शोधक आणि रूळ यांच्यामध्ये पाण्यासारखा द्रव असावा लागतो. मध्ये हवेचा पातळ थर राहिला तरी लहर पोलादात शिरतच नाही, आणि पडद्यावर दोषाची खूण म्हणून काहीच उमटत नाही. ती शांतता रुळाची नव्हे. न्यायशास्त्राचे नावही न घेता तेथे योग्यानुपलब्धी पाळली जाते, कारण त्या रुळांवरून माणसांनी भरलेल्या गाड्या जावयाच्या असतात. हाच माणूस पाळी संपवून सेक्टर २ मध्ये परतला की चालकाच्या आसनावरून आलेल्या मौनाला निःशंकपणे प्रमाण मानतो.

असे का व्हावे? बुद्धी कारखान्याच्या फाटकात ठेवून तो घरी येतो, हे उत्तर फार सोपे झाले. रुळाच्या बाबतीत ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कमवावा लागतो. घरात तो आयता मिळालेला असतो. चाक ज्याच्या हाती, त्याचे ऐकणे हे ऐकणे, आणि मागे बसणाऱ्याचे ऐकणे ही तक्रार. न्यायभाष्यकार वात्स्यायनाने शब्दप्रमाणाची चर्चा करताना आप्ताचे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू असल्याचे म्हटले आहे. ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जो ती जशी जाणली तशी सांगू इच्छितो, तो आप्त. त्याचे कुल वा पदवी विचारण्याचे कारण नाही. या कसोटीला गाडीत एकटी आईच उतरत होती. आवाज होत असे तेव्हा ती त्या जागी होती. मुलगा नव्हता, मिस्त्री नव्हता.

मग शॉकअप बदलले गेले. कारण ठाऊक नसताना भाग बदलणे हा एक प्रकारचा कौल लावणेच होय, आणि त्यात निर्दोष भागांना शिक्षा होते. आठवडाभर आवाज कमी वाटला, कारण काम करताना बाकीचे बोल्टही आवळले गेले होते. नंतर आई बोलेनाशी झाली. मुलाने याचा अर्थ दोष गेला असा घेतला. म्हणजे आणखी एक मौन, आणि त्याचीही परीक्षा झालेली नाही.

शोध लागला तो अगदी साध्या रीतीने. दुर्गला एका लग्नाला जाताना आईने पुढच्या आसनाची पाठ घट्ट धरलेली मुलाने आरशात पाहिली, आणि प्रत्येक उंचवट्याआधी तिची बोटे आवळत होती. दुसऱ्या दिवशी त्याने मिस्त्रीला आईच्या जागी बसवले आणि त्याच रस्त्यावरून, त्याच वेगाने गाडी नेली. तिसऱ्या उंचवट्याला मिस्त्री म्हणाला, “है, साहब.” मग क्रम लागला. डिकीतील जॅक आणि टॉमी बाहेर काढली, आवाज तसाच. हँडब्रेक किंचित ओढून पाहिला; तसाच, म्हणजे ब्रेकच्या पट्ट्या नव्हेत. सायलेन्सरचे टांगणे हाताने दाबून पाहिले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सारे होते तसे. पोलादातून ध्वनी हवेच्या सुमारे पंधरापट वेगाने जातो आणि गाडीचे सारे अंग त्याला साथ देते, त्यामुळे मिस्त्रीला तो उजवीकडून येतो असेच वाटत होते. आईने पहिल्यापासून डावीकडे म्हटले होते. अखेर गाडी खड्ड्यावर, चारही चाकांवर उभी करून, मागे दोन माणसे बसवून पहार लावली, तेव्हा डाव्या शॅकलची पिन डोळ्यांदेखत हलली.

जुना बुश मुलाने कागदात गुंडाळून घरी आणला आणि आईच्या हातावर ठेवला. एका बाजूला तो कागदाइतका पातळ झाला होता. तिने तो उलटसुलट करून पाहिला, नवा केवढ्याला पडला ते विचारले आणि हात पुसायला पदर घेतला. पुढच्या रविवारी मुलाने गाडी आपल्या थोरल्या मुलाच्या हाती दिली आणि स्वतः मागे, डावीकडे बसला. नेहमीचा रस्ता त्याला तेथून बराच निराळा ऐकू आला; मागच्या दाराची काच थरथरत होती, हे त्याला ठाऊकच नव्हते. त्याने आईला विचारले, ही काच केव्हापासून वाजते. ती म्हणाली, “ती होय? ती पहिल्यापासूनच.”