नम्रता म्हणजे निमूट ऐकणं?

आजचं चिंतन: सुखमनी साहिब, बारावी अष्टपदी

गुरू अर्जनदेवजींच्या सुखमनी साहिबमध्ये २४ अष्टपद्या आहेत. बारावीचा विषय अहंकार आणि नम्रता. सत्ता, पैसा, रूप यांचा गर्व टिकत नाही. सुखाने राहतो तो नम्र माणूस, असा तिचा आशय.

वाचताना प्रश्न पडतोच. ऑफिसमध्ये नम्र राहिलं की लोक गृहीत धरतात. मग नम्रता म्हणजे निमूट ऐकून घेणं का?

उत्तर गुरुजींच्याच आयुष्यात आहे. १६०४ मध्ये त्यांनी आदिग्रंथ सिद्ध केला. स्वतः गुरू असूनही त्यात शेख फरीद, विणकर कबीर, चर्मकार रविदास यांची वाणी आदराने घेतली. आपल्या शिंपी नामदेवांची तर तब्बल ६१ पदं आहेत त्यात! आणि १६०६ मध्ये, जहांगीरच्या राजवटीत, लाहोरला छळ सोसून प्राण दिले, पण ते झुकले नाहीत.

म्हणजे 'मी' मोठा व्हायला लागला की वाकायचं. सत्य पणाला लागलं की नाही. दोन्हींचं मूळ एकच. शीख परंपरा ज्याला 'हउमै' म्हणते तो मीपणा सुटला, की मिरवण्यासारखं काही उरत नाही आणि भिण्यासारखंही.

पण सावध! 'मी किती नम्र' हा हिशोबसुद्धा हउमैच. गुरुद्वाऱ्याच्या जोडाघरात सेवेकरी चपला-बूट सांभाळतात, पुसूनही ठेवतात. आपले कुणी पुसले, ते आपल्याला कळतही नाही.

आज एक तरी काम असं करून बघूया, ज्यावर आपलं नाव नसेल.

वाहेगुरू 🙏