वजनाने हलका म्हणून

गुरुपौर्णिमा उलटली की मुंबई-ठाण्यात गोविंदा पथकांचे सराव सुरू होतात. दिवसभर राबून आलेली पोरं रात्री खांद्याला खांदा लावून बेसला उभी राहतात, आणि तिथे कोणाची जात किंवा पगार आड येत नाही. शिस्त, भरवसा, वरून पडणाऱ्याला झेलायची तयारी या गोष्टी शिकवणाऱ्या शाळा फार नाहीत. तरीही मनोऱ्याच्या टोकाला, एक्क्याच्या जागी, लहान पोर का असतं हे विचारल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. कारण साधं आहे. वरच्याचं वजन खालच्या प्रत्येक थरावर येतं, म्हणून वरचा हलका हवा. शालेय कबड्डीत किंवा खो-खोत मूल आपल्या वयाच्या मुलांशी खेळतं. तिथे गुडघा फुटला तरी ती जोखीम त्याच्या स्वतःच्या खेळातली असते. इथे चुरस मोठ्यांची, मंडळांची, आणि मूल त्यात लागतं ते केवळ हाडापेराने लहान म्हणून. अंगाने भरलं की ते खालच्या थरात उतरतं आणि वर दुसरं चढतं.

हा उत्सव आहे, त्याला खेळाचे निकष कशाला, असं म्हणणाऱ्यांनी मूळ कथाच पाहावी. शिंकाळ्यापर्यंत पोहोचायची हाव कृष्णाची स्वतःची होती, खांदे सवंगड्यांचे होते, आणि मोठी माणसं त्या कथेत येतात ती रागवायला. गोपाळकाल्यात तर प्रत्येकाने आपापली शिदोरी आणायची, ती एकत्र कालवायची आणि सगळ्यांनी सारखी खायची. भक्तीत आपल्याजवळचं द्यायचं असतं. उपास ज्याचा, भूक त्याची. (नवस आईने बोलायचा आणि लेकराने फेडायचा, ही खोड आपल्याकडे जुनीच आहे म्हणा.) स्वतःच्या श्रद्धेपायी स्वतःचा हात मोडून घेणाऱ्या प्रौढाशी माझं भांडण नाही. दुसऱ्याचा मणका मात्र कोणालाही देवाला वाहता येत नाही, मग तो आपल्या मुलाचा का असेना.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की मुलालाच वर चढायचं असतं. खरं आहे. तळहाताएवढी पावलं खांद्यांमागून खांदे पार करतात, टोकाला पोहोचून दोन हात उंचावत सलामी देतात, आणि खालचा रस्ता गर्जतो. असा मान दुसरीकडे कुठे मिळायचा? पण संमतीचा कस नकारात लागतो. महिनाभर ज्याच्यावर सगळा सराव बेतला आहे, त्या मुलाला ऐन हंडीखाली ‘आज नको’ म्हणता येतं का? परंपरेचा दाखलाही फारसा टिकत नाही. परंपरा हंडीची आहे, नवव्या थराची नव्हे. ठाण्यात 2012 साली 43.79 फुटांचा विश्वविक्रम झाला. ही उंची लाखांच्या बक्षिसांनी आणि नेत्यांच्या फलकांनी वाढवत आणली, शास्त्राने ती कुठे सांगितलेली नाही. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 18 वर्षांखालच्यांना मनाई केली होती आणि उंची 20 फुटांवर आणली होती. 2017 पर्यंत वयाची अट 14 वर आली आणि उंचीची मर्यादा गेली. 2022 मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. दर्जा खेळाचा हवा, तर शिस्तही खेळाचीच यायला हवी. हलक्या, लहान देहांचा फायदा जिम्नॅस्टिक्समध्येही आहे. तरी आंतरराष्ट्रीय महासंघाने 1997 पासून महिलांच्या वरिष्ठ स्पर्धांसाठी किमान वय 16 केलं, आणि तो खेळ काही बुडाला नाही.

दोर आहे, हेल्मेट आहे, विमा आहे, मग भीती कसली, असंही विचारलं जातं. दोराने जीव वाचतात, तो हवाच. पण 2025 च्या ऑगस्टमध्ये दहिसरला 11 वर्षांचा मुलगा थरावरून पडून गेला तो सरावात, उत्सवाच्या काही दिवस आधी. चौदाची अट तेव्हाही कागदावर होतीच. आणि विम्याचा धनादेश हे मुलाला वर चढवण्याचं समर्थन कसं होईल? एक्का मोठा असला की एखाद-दुसरा थर कमी लागेल, हे पथकांनाही कळतं. तेव्हा प्रश्न पथकांपेक्षा आयोजकांना विचारायला हवा: एक्क्याच्या वयाचा दाखला पाहिल्याशिवाय सलामी घ्यायची नाही आणि बक्षीस द्यायचं नाही, एवढं जाहीर करायला कोणता धर्म आड येतो?